विषाद, उपदेश आणि सोबत

मराठी वाङ्मयात दुःखाला तोटा नाही. संतांच्या आर्त वाणीपासून बालकवींच्या खिन्न कवितांपर्यंत आणि तेथून ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पर्यंत ही परंपरा अखंड वाहत आली आहे, आणि आपल्या समीक्षेनेही तिचा आस्वाद मनःपूर्वक घेतला आहे. परंतु ज्याचे मन महिनोन्महिने मालवलेले आहे, ज्याला अन्न गोड लागत नाही, पहाटे अवेळी जाग येते आणि दिवस सुरू होण्याचीच धास्ती वाटते, अशा माणसाच्या हाती ठेवण्याजोगे आपल्या भाषेत काय आहे, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो वैद्यांचा प्रश्न आहे असे समजून आपण बाजूला झालो. आमच्या मते तो जितका वैद्यकाचा तितकाच भाषेचाही प्रश्न आहे. पिचलेल्या माणसाशी कसे बोलावे हे भाषेनेच शिकवायचे असते, आणि भाषा कोठे चुकते हे दाखवणे हे समीक्षेचे काम होय.

आम्ही हे लिहितो ते जैनथहून. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. १९५६ साली आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर काळी जमीन आणि तीत कापूस. याच कापूसपट्ट्यातून गेली पंचवीस-तीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता येत राहिल्या. त्यामागे कर्ज आहे, पावसाची आणि बाजारभावाची लहर आहे. हे सारे मनाच्या दुखण्यात जमा करून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. तथापि ज्यावर सारखेच कर्ज आहे अशा दोघांपैकी एकाच्या मनाला जो काळोख घेरतो, त्याची दखल घेण्याची सोय आपल्या बोलण्यात आहे काय, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. या आजाराला पुस्तकी मराठीत ‘नैराश्य’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कोणी ‘खिन्नता’, कोणी ‘औदासीन्य’, कोणी ‘विषाद’ म्हणतो. यांपैकी ‘नैराश्य’ हा शब्द आम्हांस सर्वांत कमी रुचतो. त्यात आशा सुटल्याचा आरोप आहे, आणि आशा सोडणे हे आपल्या संस्कारात दौर्बल्य समजले जाते. परीक्षेत नापास झालेला मुलगा निराश होतो आणि आठ दिवसांनी पुन्हा खेळू लागतो; आजाराचे तसे नसते. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे आजारी माणसाला आठ दिवसांनी खेळायला न लागल्याबद्दल दोष दिला जातो.

गावातला माणूस मात्र यांपैकी एकही शब्द वापरीत नाही. तो म्हणतो, “करमत नाही,” “जीव लागत नाही,” “हातपाय चालत नाहीत,” “डोके जड झाले.” तेलुगू शेजारी ‘दिगुलु’ किंवा ‘बेंग’ म्हणतो. हे शब्द आजाराचे नाव सांगत नाहीत, पण आजार कोठे दुखतो ते अचूक सांगतात. “अभ्यासात मन लागत नाही” हे वाक्य शाळेत नेहमी आळसाची कबुली म्हणून ऐकले जाते. ती दुखण्याची तक्रारही असू शकते, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. जे वाङ्मय अशा माणसाला मदत करू म्हणते, त्याने त्याच्या या शब्दांपासून आरंभ करावा, ही आमची पहिली अपेक्षा आहे.

आता परंपरेकडे वळू. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. विषादाला योगाच्या पंक्तीत बसवणाऱ्या या नावाचे कौतुक अनेकांनी केले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या अध्यायाच्या रचनेत आहे. गात्रे गळाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, अंगाला कंप सुटल्याचे, धनुष्य हातातून निसटल्याचे, मन भ्रमल्याचे अर्जुन स्वतः सांगतो. आणि तो सांगत असताना श्रीकृष्ण मध्ये बोलत नाहीत. सबंध अध्यायात त्यांच्या तोंडी अवघे एक वाक्य आहे, तेही विषाद प्रकट होण्यापूर्वीचे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते प्रथम बोलतात ते दोन श्लोक निव्वळ कानउघाडणीचे आहेत: हे तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक आणि ऊठ. वाचकांनी पुढे काय घडते ते पाहावे. अर्जुन उठत नाही. तो आपली व्यथा पुन्हा मांडतो, मला काही सुचत नाही, मला सांग, अशी याचना करतो, आणि लढणार नाही म्हणून गप्प होतो. कानउघाडणी वाया जाते, आणि त्यानंतरच गीतेचा खरा उपदेश सुरू होतो.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली ज्ञानदेवांनी या स्थळावर जे भाष्य केले, त्यात त्यांनी श्रीकृष्णाला दोन उपमा दिल्या: मातेची आणि वैद्याची. मातेच्या रागात माया दडलेली असते, आणि व्याधी हाताबाहेर चालली की वैद्य निर्वाणीचे औषध योजतो, असा त्या ओव्यांचा आशय आहे. कठोर शब्दाचे समर्थन ज्ञानदेवांना करावेसे वाटले, यातच तो शब्द नुसता पुरेसा नाही ही त्यांची जाण दिसते. येथे एक शंका संभवते. अर्जुनाचा विषाद हा धर्मसंकटातून आलेला. त्याला आजार कसे म्हणावे? ही शंका रास्त आहे, आणि आम्ही अर्जुनाचे निदान करू इच्छीत नाही. आमचा मुद्दा ऐकणाऱ्याविषयी आहे. ग्रंथ सांगतो की आधी पूर्ण ऐकले गेले, मग दटावणे फसले, आणि मग एक मनुष्य दुसऱ्याजवळ रथात बसून राहिला.

समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ हे या विषयातील आपले दुसरे मोठे धन. त्यांत २०५ श्लोक आहेत आणि जवळजवळ सर्वत्र मनाला आज्ञा आहे: हे धर, ते सोड. आज मराठीत जी ‘मन खंबीर करा’ थाटाची पुस्तके निघतात, त्यांचा सूर येथून आला असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु समर्थांनी मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली. ज्याला आज्ञा करायची त्याला आधी मान दिला. शिवाय ज्या कवीने मनाला आज्ञा केल्या त्यानेच ‘करुणाष्टके’ लिहिली, आणि तेथे तो स्वतः आर्त, थकलेला, मन आवरत नाही म्हणून हात जोडणारा आहे. हे दोन आवाज एकाच माणसाचे आहेत. आमच्या घरांतून दोन्ही स्तोत्रे शेजारी शेजारी म्हटली गेली, म्हणून समतोल राहिला. आधुनिक उपदेशपर लेखनाने पहिला आवाज उचलला आणि दुसरा घरीच ठेवला. जो स्वतः कधी थकला नाही अशा लेखकाच्या तोंडून आलेली आज्ञा थकलेल्या वाचकाला अधिकच थकवते.

बहिणाबाई चौधरी यांनी मनाला आज्ञाच केली नाही. १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुत्र सोपानदेव यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईची गाणी’ या संग्रहातील मनावरची कविता सर्वपरिचित आहे. खानदेशच्या कापसाच्या रानात राबलेल्या या बाईला मन उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे दिसते. हाकलले तरी ते पुन्हा तेथेच येते. ज्याने गुरे राखली आहेत त्याला ठाऊक आहे की त्यात ढोराचा गुन्हा नसतो आणि राखणाऱ्याचाही नसतो. पुनःपुन्हा वळवणे हेच राखणे होय. डोक्यात एकच विचार घिरट्या घालतो म्हणून स्वतःला कोसणाऱ्या माणसाला या एका प्रतिमेने जो दिलासा मिळेल, तो शंभर सुभाषितांनी मिळणार नाही. अक्षरशत्रू म्हणवल्या गेलेल्या या कवयित्रीने मनाचे वर्णन करताना त्याला अपराधी ठरवले नाही, हा तिच्या काव्याचा गुण समीक्षेने अधिक ठळकपणे सांगायला हवा होता.

आजच्या मराठी ‘स्वमदत’ वाङ्मयाची पारख या पार्श्वभूमीवर करावी लागेल. त्यात सरसकट सगळे टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘स्वभाव-विभाव’ या ग्रंथात अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मराठीत आणली, आणि अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. हे दोन्ही प्रयत्न आदरास पात्र आहेत. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचाराचे सार असे की, माणसाला छळते ती केवळ घटना नव्हे. घटना अमुक अशीच झाली ‘पाहिजे’ हा त्याचा हट्टही छळतो. मौज अशी की रेल्वे स्थानकावर विकली जाणारी बहुतेक उपदेशपर पुस्तके याच ‘पाहिजे’ने भरलेली असतात. आनंदी राहिले पाहिजे, सकाळी लवकर उठले पाहिजे, नकारात्मक विचार टाकले पाहिजेत. ज्या काट्याने पाय दुखतो तोच काटा औषध म्हणून दिला जातो. आणि वाचकाला हे सारे एकट्यानेच करायचे असते. त्या पुस्तकांच्या जगात शेजारी नसतो, बहीण नसते, डॉक्टर क्वचित असतो.

एकट्याच्या खंबीरपणावर भिस्त ठेवण्यात काय धोका आहे, हे सांगताना आमच्या शिक्षकी पेशातील सर्वांत प्रिय नाव घ्यावे लागते. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पुढे त्यांच्या लेखनावर अतिभावविवशतेचा आक्षेप वारंवार घेतला गेला; हळवेपणा हा जणू वाङ्मयीन दोषच ठरला. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले जीवन संपवले. त्यांच्या मनात काय होते याचे निदान करण्याचा अधिकार कोणा समीक्षकास नाही, आणि तसे करणे अनुचितही होय. इतकेच नमूद करावेसे वाटते की, ज्याने दोन पिढ्यांच्या मुलांना रडण्याची मोकळीक दिली, त्याच्या अश्रूंची चर्चा आपण शैलीचा प्रश्न म्हणून केली. अश्रू हा शैलीचा प्रश्न असतोच. केवळ तेवढाच नसतो.

अलीकडच्या काळात या विषयावरची सर्वांत समंजस मराठी कलाकृती पुस्तक नसून चित्रपट आहे, हे साहित्याच्या व्यासपीठावर सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१६ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. जीव नकोसा झालेला एक तरुण जानकी नावाच्या स्त्रीला वाटेत तापाने फणफणलेला सापडतो, आणि ती त्याला कोकणकिनाऱ्यावरच्या आपल्या घरी घेऊन येते. जानकी स्वतः याच आजारातून गेलेली आहे. ती त्याला नाव विचारण्याची घाई करीत नाही, कारण विचारीत नाही, उपदेश करीत नाही. त्याला जेवण मिळते, झोपायला खोली मिळते, आणि घरात माणसांची ये-जा असते. जवळच समुद्रकाठी कासवांच्या अंड्यांची राखण चालू असते.

कासवाची प्रतिमा आपल्याला नवी नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आत ओढून घेणारे कासव हे स्थितप्रज्ञाचे, म्हणजे स्वतःवर ताबा असलेल्या पुरुषाचे चिन्ह आहे. चित्रपटाने तीच प्रतिमा घेऊन तिचा अर्थ पालटला. येथे अंग आत ओढणे हे सामर्थ्याचे लक्षण नाही, दुखावल्याचे आहे. आणि कवच ठोकून ते कासव बाहेर येत नाही, त्याला बाहेर धोका नाही असे वाटावे लागते. किनाऱ्यावरचे राखणदार अंड्यांभोवती कुंपण घालतात आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्यापाशी सोडतात. समुद्रापर्यंतचे अखेरचे अंतर पिल्लू स्वतः चालते. मदत आणि स्वावलंबन यांचे नाते याहून नेमके क्वचितच दाखवले गेले असेल. ‘स्वमदत’ या शब्दात जो अंतर्विरोध आहे तो येथे मिटतो. चालायचे ज्याचे त्यानेच, पण कुंपण दुसऱ्याने घातलेले असते.

या कलाकृतीवरही आमचा एक आक्षेप आहे. जानकीजवळ घर आहे, गाडी आहे, नोकर आहेत, सवड आहे. ज्याचा कापूस वेचायचा राहिला आहे आणि ज्याला सावकाराकडून रोज निरोप येतो, त्याने समुद्रकाठचे ते घर कोठून आणावे? जैनथची जानकी कोण? येथे कलाकृती थांबते, आणि उत्तरासाठी प्रत्यक्ष कामाकडे पाहावे लागते.

हे उत्तर फार दूर नाही. पैनगंगेपलीकडे, विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम चालवण्यात आला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत या आजाराची ओळख करून देणे, साधे समुपदेशन करणे आणि गरजेप्रमाणे डॉक्टरकडे पोहोचवणे असे त्याचे स्वरूप होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, अठरा महिन्यांनी ते शेकडा २७.२ झाले. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने त्याच सुमारास दाखवून दिले की, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु नीट शिकवलेल्या व्यक्तीने सहा ते आठ भेटींत केलेले समुपदेशन तीव्र खिन्नतेतही उपयोगी पडते. त्या पद्धतीचे मर्म सोपे आहे. उत्साह आला म्हणजे काम करीन, असे आजारी माणूस म्हणतो, आणि उत्साह येत नाही. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी एखादे लहानसे काम, अंगणात दहा पावले चालणे, एका ओळखीच्या माणसाला भेटणे, उत्साह मागून, सावकाश येतो. दिंडीत चालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याचे मन मागे रेंगाळत असले तरी पाय सोबत्यांबरोबर पुढे जातात.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली याहूनही साधी योजना सुरू केली. दवाखान्याच्या आवारात एक बाकडे आणि त्यावर बसलेली एक शिकवून तयार केलेली आजी. ज्याला बोलायचे त्याने तिच्या शेजारी येऊन बसावे. या आज्या परकी वैद्यकीय संज्ञा वापरीत नाहीत. शोना भाषेत लोक या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. तोच शब्द त्या वापरतात. आपल्याकडे “फार विचार करू नकोस” हा सर्वांत स्वस्त उपदेश आहे. तेथे ज्या शब्दाने तक्रार ऐकून घेतली जाते, त्याच शब्दाने येथे ती गप्प केली जाते. हा फरक औषधांचा किंवा पैशाचा नाही, भाषेच्या वापराचा आहे.

सोबतीचा महिमा सांगताना एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. आजार तीव्र असेल तर सोबत पुरत नाही. डॉक्टर आणि औषध लागते, आणि ते घेण्यात मधुमेहावरच्या गोळीपेक्षा अधिक लाज नाही. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये, आणि त्याला तसे सरळ विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूतही सोडावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. कायदा जेथे पोहोचला तेथे लोकभाषेनेही पोहोचावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा दूरध्वनीवर उपलब्ध आहे, आणि तीत मराठीतही बोलता येते व तेलुगूतही. आमच्यासारख्या दुभाषी सीमेवर ही सोय मोलाची आहे. घरचे दुःख कचेरीच्या भाषेत सांगता येत नाही.

तेव्हा अशा लेखनाची पारख करताना आम्ही तीन प्रश्न विचारू. त्यात वाचकाचे स्वतःचे शब्द आहेत की त्याला परके नाव चिकटवले आहे? ते वाचून झाल्यावर वाचक कोणा दुसऱ्या माणसाकडे वळतो की स्वतःशीच झगडत बसतो? आणि आपली मर्यादा ओळखून ते त्याला दवाखान्याची वाट दाखवते काय? या कसोट्या लावल्यास अनेक खपाऊ पुस्तके गळतील, आणि बहिणाबाईंची एक कविता, ‘करुणाष्टके’, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ते पहिले दहा श्लोक नव्याने हाती लागतील. आमच्या शाळांतून ‘मनाचे श्लोक’ पाठ करून घेतले जातात, ते चालूच राहावेत. त्यांच्याबरोबर ‘करुणाष्टके’ही शिकवली जावीत, आणि ती शिकवताना वर्गात कोणी डोळे पुसले तर तास न थांबवता, त्याला न हसता, शिक्षकाने सुटीत त्याच्याजवळ जाऊन बसावे. ग्रामवाचनालयांनी आपल्या फलकावर वर्तमानपत्रांच्या यादीखाली १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. एवढे आमच्या हातात आहे, आणि त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.